फोरमनचे न पळालेले टायर

फोरमन कोणत्याही वस्तूला हात लावायच्या आधी तिचं वय विचारायचा. लोक माणसांची विचारपूस करतात, हा दोरीची करायचा. "ही दोरी कवाची?" "हा पंखा कुठल्या सालचा?" "शेगडीची नळी कवा घेतली?" वस्तू दिसते कशी याच्याशी त्याला काही घेणं नव्हतं. चकचकीत दिसली तर उलट जास्त संशय घ्यायचा.

आमच्या तळवड्याच्या चाळीत तो खोली बघायला आला तेव्हाच मला हे कळलं. आमची शेतं कंपन्यांत गेली आणि उरलेल्या जागेवर आम्ही भाड्याच्या खोल्या काढल्या. येणारा भाडेकरू आधी विचारतो, पाणी किती वेळ येतं. यानं मान वर करून विचारलं, "वायरिंग किती सालची ओ आक्का?" मी म्हटलं, "आता माझं बी वय इचारा." तो हसला नाही. मला खालून वर बघून घेतलं आणि म्हणाला, "तुमचं नको. तुमी लई टिकणार बघा." मागे त्याची बायको सुमन उभी होती, कडेवर पोरगा सचिन. ती मात्र पदर तोंडाला लावून हसली. तिच्या हसण्यावर मी खोली दिली. तो एकटा आला असता तर दिली नसती.

तो लातूरकडचा. चाकणला एका कंपनीत यंत्रं दुरुस्तीच्या खात्यात लागला आणि पुढे तिथेच फोरमन झाला. तेव्हापासून त्याचं नाव कुणी घेतलं नाही. सुमनसुद्धा "आमचे फोरमन" म्हणायची. कामाबद्दल त्याचं एकच म्हणणं होतं. "तुटल्यावर कुणीबी बदलतंय. तुटायच्या आदी बदलाय डोस्कं लागतंय." चालू मशीन थांबवून तो धडधाकट दिसणारा पट्टा काढायचा आणि नवा घालायचा. साहेब ओरडायचा. तो जुना पट्टा साहेबाच्या टेबलावर ठेवायचा आणि उलटा वाकवून दाखवायचा. आतून बारीक चिरा असायच्या. साहेब गप्प व्हायचा, पण खूश व्हायचा नाही. न झालेल्या नुकसानीबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही.

एकदा संध्याकाळी शिफ्ट सुटली आणि कंपनीची बस गेटवर लागली. फोरमननं बसभोवती एक चक्कर मारली, खाली वाकला आणि दारात आडवा उभा राहिला. "या टायरवर मी माणसं बसवणार न्हाई." दुसरी बस येईपर्यंत सगळी शिफ्ट रस्त्यावर ताटकळली. कुणाच्या घरी पाहुणे होते, कुणाला पोरगं दवाखान्यात न्यायचं होतं. सगळ्यांनी त्याला तोंडावर शिव्या दिल्या. त्यानं ऐकून घेतल्या. आमच्याच चाळीतला एक जण त्या बसला होता, त्यानं पुढे कितीतरी दिवस फोरमनला "काय थांबा-फोरमन?" अशी हाक मारली. फोरमन म्हणायचा, "मारा हाका. हाका मारायला जित्ते हाव ना?"

माझ्याही घरात त्यानं हेच केलं. मी एकादशीला देहूला गेले होते. परत येऊन बघते तर शेगडीला नवी नळी. मी त्याच्या दारात जाऊन विचारलं, "माझ्या घरात मला न इचारता शिरलात व्हय?" तो जेवत होता. घास न थांबवता म्हणाला, "इचारलं असतं तर नकोच म्हणला असता तुमी." खरं होतं. मी नकोच म्हटलं असतं.

असा माणूस रिटायर झाला आणि त्यानं एक जुनी मिनीबस विकत आणली. कामगारांची ने-आण करून थकलेली बस. माझ्या अंगणात आणून उभी केली आणि मला सांगितलं, "आक्का, हिच्यात घर करायचंय." मी विचारलं, "खोलीला काय झालंय?" तेव्हा त्यानं सुमनकडे बोट केलं.

सुमनच्या बहिणींत सगळ्यात थोरली ती ताई. ताईचा नवरा एसटीत होता. त्याची चिपळूणला बदली झाली आणि ती माणसं तिकडचीच होऊन गेली. या दोघी लहानपणी एका गोधडीत झोपलेल्या. लग्नानंतर एकमेकींना लग्नकार्यात काय ते बघायच्या. सुमन कुणाच्या घरी राहायला जात नसे. तिचे गुडघे दुखायचे, तिला खाली बसता येत नसे, रात्री तीनदा उठावं लागे. आणि मुख्य म्हणजे स्वभाव. ती म्हणायची, "लोकाच्या घरी दोन दिस बरं वाटतंय. तिसऱ्या दिशी घरधनिणीचं तोंड बघून पाणी प्यावं लागतंय." फोरमननं त्यावर हा तोडगा काढला होता. घरच बरोबर न्यायचं. ताईच्या दारात उभं करायचं. दिवसभर ताईजवळ बसायचं आणि झोपायला आपल्या घरी यायचं. मला बस बघून हसू आलं होतं, पण हे ऐकून मी हसले नाही.

बस आणली त्याच आठवड्यात त्यानं तिचे टायर बदलले. पुढचे दोन, मागचे चार, सहाच्या सहा कोरे करकरीत. "पाया आदी, मग घर," म्हणाला. मग तो घराला लागला. आतल्या सीटा काढल्या, घडीचा पलंग बसवला, ओटा केला, पाण्याची टाकी टाकली. सुमनला बसता येईल असा उंच संडास केला. सगळं स्वतःच्या हातानं. चाळीतले लोक त्या बसला "फोरमनचा बंगला" म्हणायला लागले. सचिन तोवर शिकून आयटीत लागला होता आणि त्यानं पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला होता. तो रविवारी आला की म्हणायचा, "बाबा, याला मोटरहोम म्हणतात. परदेशात लोक यातच राहतात." फोरमन म्हणायचा, "मग तितल्या माणसाला इचार, ओट्याच्या फळीला पाणी लागू नये म्हणून ते काय लावायलेत."

बंगला काही पुरा होईना. दर सणाला सुमन विचारायची, "कवा जायचं?" आणि तो म्हणायचा, "एक काम ऱ्हायलंय." कधी कपाटाचं दार ठोकरीवर, खड्ड्यात गाडी आदळली की, उघडत होतं, ते बदलायचं होतं. कधी आरटीओचे कागद. मग सचिनला मुलगी झाली आणि सुमन तिकडे अडकली. मग कोरोना आला आणि गल्लीच्या बाहेर जायची चोरी झाली. मग सुमनच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं. त्यानंतर परत कपाटाचं दार. प्रत्येक कारण खरं होतं, हे मी सांगते. एकही बनवून सांगितलेलं नव्हतं. पण खऱ्या कारणांनीसुद्धा वर्षं जातातच.

या सगळ्या काळात तो बसची काळजी मात्र घ्यायचा. रविवारी सकाळी इंजिन चालू करायचा, बस हातभर पुढे घ्यायचा, हातभर मागे. टायर एका जागी दबून बसू नयेत म्हणून. आणि खंडेनवमीला तर विचारू नका. आमच्याकडे त्या दिवशी विळा, कोयता, पान्हा, गाडी, जे काही हाताला मदत करतं ते सगळं धुऊन पुजतात. फोरमन पहाटेच उठायचा. डब्यात गाडीचं जळकं ऑइल आणि डिझेल कालवायचा, जुन्या धोतराचा बोळा घ्यायचा आणि सहाही टायर चोळत बसायचा. टायर पिकल्या जांभळासारखे काळे दिसायचे. मग हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. चाळीतले बाकीचे लोकही त्याच्याकडून बोळा मागून न्यायचे आणि आपापल्या मोटारसायकलींची चाकं काळी करायचे. आमच्या भागात सगळे हेच करतात. चाक काळंभोर दिसलं पाहिजे, नाहीतर पूजा झाली असं वाटत नाही.

दुपारी त्या बसच्या सावलीला मी धान्य निवडायला बसायची. माझी बैठक पाटावर, त्यामुळे माझं तोंड बरोबर मागच्या टायरासमोर यायचं. माणूस ज्याच्यासमोर रोज बसतो ते त्याला दिसायला लागतं. एका दुपारी मला काळ्या तेलाखाली रेघा दिसल्या. मी केसातला आकडा काढला आणि टोकानं तो काळा थर खरवडला. आत भेगा. नांगरून पाऊस न पडलेल्या जमिनीला पडतात तशा, चाकाच्या अंगाला गोल गोल. आकड्याचं टोक आत गेलं.

मी हाक मारली. फोरमन आला, बघितलं आणि उभाच राहिला.

"वरची कातडी हाय ओ आक्का."

"कातडीत आकडा एवढा जातो व्हय?"

"टाच फुटली म्हणून माणूस मरतंय का?"

"टाचंवर बस घालून घाट उतरायचा नसतो."

"नक्षी बघा की! एक खाच झिजली न्हाई. हे टायर पळालेच न्हाईत अजून, आन् तुमी बदला म्हणायलाव."

मी म्हटलं, "मी बदला म्हटलंच न्हाई अजून. तुमीच म्हणताय."

तो निघून गेला. सगळ्या चाळीला वस्तूंचं वय विचारणारा माणूस. त्या दिवशी त्यानं त्या टायरांचं वय विचारलं नाही, हे माझ्या ध्यानात राहिलं.

त्याच आठवड्यात चिपळूणहून फोन आला. ताईनं अंथरूण धरलं होतं. जिवाला लगेच धोका नाही असं डॉक्टर म्हणत होते, पण ती सारखं सुमनचं नाव घेत होती. सुमननं फोन ठेवला. भाकरी थापत राहिली. थापता थापता एवढंच म्हणाली, "आता तरी जायचं का?" आणि फोरमन, ज्याचं सात वर्षं एक काम राहिलेलं असायचं, तो पहिल्यांदा म्हणाला, "सोमवारीच निघू."

सोमवारच्या आधी तो गाडी टायरवाल्याला दाखवायला घेऊन गेला. माझी भाची थेरगावला असते, म्हणून मीही बसले. डांगे चौकाजवळच्या दुकानासमोर आम्ही थांबलो. दुकानदार जाडजूड, मोकळा माणूस. "काय राव, बस म्हणायची का बंगला?" म्हणत आला, चाकाशी बसला, टायरवर हात फिरवला आणि बोटं नाकाशी नेली.

"भाऊ, काय चोळता याला?"

"काळं ऑइल आन् डिझेल. दसऱ्याच्या टायमाला."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. कधी चुकलं न्हाई."

दुकानदारानं कपाळाला हात लावला. "लोणच्यात पाणी घालून बरणी पुसत बसल्यासारखं केलंत की हो! रबराला तेल चालत नाही. उन्हानं जेवढं खाल्लं नसेल तेवढं तुमच्या पूजेनं खाल्लंय. बरं, साल बघू दे कुठलं आहे."

टायरच्या अंगावर तो कधी झाला त्याचा आकडा ठोकलेला असतो. दुकानदार आकडा शोधायला लागला आणि मी बघितलं, फोरमनचा पंजा बरोबर त्या जागेवर पालथा पडला होता. सहज टेकल्यासारखा.

"हात काढा, भाऊ."

"नवेच हायत ओ. मीच घेतलेत."

"हो, पण हात तर काढा."

फोरमननं हात काढला नाही. दुकानदारानं त्याच्याकडे बघितलं, मग हसला आणि उठून पलीकडच्या चाकाकडे गेला. "हात दोन आहेत तुम्हाला. टायर सहा आहेत," असं तिकडूनच म्हणाला. आकडा वाचला आणि येऊन शांतपणे सांगितलं, "नक्षी भरपूर आहे, जीव गेलाय. इथल्या इथे फिरवा. घाटात नेऊ नका."

"फुटतील का?"

"उद्या फुटतील का आणखी दोन वर्षांनी, ते मी कसं सांगणार? टायर विकतो मी, पंचांग नाही विकत."

फोरमन गाडीत चढला. मला भाचीच्या दारात उतरवलं आणि गेला. पुढे काय झालं ते त्यानंच संध्याकाळी सांगितलं. तो आणखी दोन दुकानं फिरला. दोघांनीही तेच सांगितलं. मग चाकणला गेला आणि तिथे एकानं म्हटलं, "चालतील की, हळू जावा." फोरमनचा चेहरा दिवाळीसारखा झाला होता.

"बघा आक्का, अनुभवी माणूस हाय."

"वाकून बघितलं का त्यानं?"

"एका नजरंत कळतंय त्यास्नी."

"वाकला का न्हाई ते सांगा."

हाच फोरमन आयुष्यभर खाली वाकून बघायचा. पैशाची अडचण म्हणावी तर ती नव्हती, फंडाचे पैसे होते आणि सचिन तर न मागता देत होता. मला उलगडा होईना. एवढं मात्र कळत होतं की त्याला टायर चांगले आहेत असं वाटत नव्हतं. चांगले आहेत असं कुणीतरी म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

सोमवार उजाडला. भांडी आत गेली, गोधड्या गेल्या, ताईसाठी केलेले डिंकाचे लाडू गेले. सचिन बायकोमुलीला घेऊन निरोपाला आला. चारी बाजूंनी चाकांखाली लिंबं ठेवली. फोरमननं नारळ फोडला आणि गाडीत जाऊन बसला. सुमन त्याच्या शेजारी, नवं पातळ नेसून. सगळी चाळ अंगणात. इंजिन चालू झालं. आणि सुमननं दार उघडलं. गुडघ्याला हात देत, एक एक पाय टाकत ती खाली उतरली.

फोरमन ओरडला, "आगं, काय ऱ्हायलं का?"

सुमन म्हणाली, "व्हय. एक काम ऱ्हायलंय."

सगळे हसले. ती हसली नाही. गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि लोकांसमोर नवऱ्याला विचारलं, "ही गाडी कंपनीची असती, तर बसवली असती का तुमी माणसं?"

आवाज चढवला नव्हता तिनं. सचिन मध्ये बोलायला गेला, "आई, मावशीची तब्येत..." तिनं त्याला हातानं थांबवलं. "तब्येत मला म्हायीत हाय. मला ताईकडं जायचंय, म्हणूनच इचारायले. निम्म्या घाटात ऱ्हायले तर ती कुणाची वाट बघंल?"

फोरमननं इंजिन बंद केलं. लोक जरा वेळ थांबले आणि पांगले. लिंबं चाकांखाली तशीच राहिली. तो गाडीच्या पायरीवर बसून राहिला. मी चहा नेऊन दिला, तो त्यानं हातात धरला, प्यायला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आक्का, ह्यांनी एक गाव बघितलं न्हाई. हे काढले म्हंजी सात वर्षं अंगणात गेली असं म्हणावं लागंल."

तेव्हा मला उलगडा झाला. त्याचा जीव टायरांत अडकला नव्हता. ते टायर गाडीला होते तोवर तो कालच रिटायर झालेला होता आणि उद्या निघणार होता.

मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "गेली ती गेली. फुटकं टायर जपून ठेवल्यानं माघारी येत्यात व्हय? ताई किती दिवस हाय ते बघा. चहा प्या आन् उठा."

तो चहा प्यायला आणि उठला. त्याच दुपारी डांगे चौकातल्या त्या पहिल्या दुकानात गेला. जिथे आकड्यावर हात ठेवला होता त्याच दुकानात. नवे सहा बसवून घेतले, जुने सहा परत घेऊन आला आणि भिंतीशी उभे केले. मी सांगितलं, यात पाणी साचून डास होतात, माझ्या अंगणात ठेवायचे नाहीत. तेव्हा भंगारवाल्याला बोलावलं. भंगारवाला एक एक टायर हातगाडीवर टाकत होता तेव्हा फोरमन प्रत्येकाच्या नक्षीत बोट घालून बघत होता. बोट पेरभर आत जात होतं. शेवटचा टायर चढला आणि त्यानं पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी ते गेले. नारळ नाही, लिंबं नाहीत, निरोपाला कुणी नाही. मी धुणं घालत होते. सुमननं खिडकीतून हात केला.

घाट उतरून ते सुखरूप पोचले. रात्री सुमनचा फोन. "आक्का, ताईनं वळखलं ओ मला. दोघांनी धरून तिला गाडीत आणली. माझ्या शेगडीवरचा चहा पिली आन् माझ्या पलंगावर झोपली. घरी चल म्हणायलेत तर उठंना. म्हणती, हे माझ्या भनीचं घर हाय, मी हितंच ऱ्हाणार." पुढच्या पावसाळ्यात ताई गेली. तोवर सुमन आणखी दोनदा जाऊन आली होती.

त्या दिवसानंतर फोरमनचं "एक काम ऱ्हायलंय" बंद झालं. कपाटाचं दार अजूनही ठोकरीवर उघडतं. ते तसंच ठेवून ती दोघं नांदेडला गेली, कोल्हापूरला गेली, बहिणींकडे जाऊन झालं, मग भाच्यांकडे. खंडेनवमीला तो टायर नुसत्या पाण्यानं धुवायचा. चाळीतली पोरं म्हणायची, "काका, काळे न्हाई केले?" तो सांगायचा, "कोरडेच बरे." पण लोकांना पटायचं नाही. आपापल्या गाड्यांना तेल चोळायचे ते चोळायचेच.

गेल्या उन्हाळ्यात फोरमन गेला. छातीत दुखलं, दवाखान्यात नेला, दोन दिवसांनी गेला. जास्त हाल झाले नाहीत. मला त्याच्यापेक्षा दहा वर्षं तरी जास्त झालीत आणि मी लई टिकणार असं त्यानंच सांगितलं होतं, त्यामुळे मी त्यावर काही म्हणत नाही. दिवसकार्य झाल्यावर सचिन म्हणाला, "आई, तू आमच्याकडे चल. गाडी विकून टाकू." सुमन त्यालाही नाही म्हणाली आणि गाडीलाही. पोरगा चांगला आहे, त्यानं जास्त ताणलं नाही. मग ती गाडी अंगणात उभी राहिली. रविवारी कुणी पुढेमागे घेईना. सुमन खोलीत, गाडी अंगणात. असे कितीतरी महिने गेले.

मागच्या पंधरवड्यात दुपारी ती माझ्याशेजारी येऊन बसली. पाट तिला चालत नाही, म्हणून खुर्ची घेऊन. मी तांदूळ निवडत होते. म्हणाली, "आक्का, टायर अजून चांगले हायत."

"मग?"

"उभ्या उभ्या जातील."

मी विचारलं, "चालवणार कोण?" तिनं ते बघून ठेवलं होतं. कंपनीच्या बसवर होता असा एक रिटायर ड्रायव्हर मोशीला राहतो, तो यायला तयार आहे. मी म्हटलं, "मग जा की." ती म्हणाली, "एकटी न्हाई जाणार. तुमी चला." मी म्हटलं, मी आळंदी-देहूच्या पलीकडे कधी राहिले नाही, मला परक्या जागी झोप येत नाही. ती म्हणाली, "परकी कुठली? तुमच्याच अंगणात होती की इतकी वर्षं."

तेव्हा आम्ही शुक्रवारी निघतोय. आधी नांदेडला तिच्या मधल्या बहिणीकडे. तिथून पुढे कुठे ते ठरलेलं नाही. मला काही बघायची हौस राहिली आहे असं नाही. पण चांगली वस्तू उभी राहून वाया जाताना मला बघवत नाही, एवढं खरं. फोरमन असता तर तोही हेच म्हणाला असता. टायरवरचा आकडा सुमननं मला वाचून दाखवला. अजून दोनएक वर्षं काढतील, मग बदलावे लागतील. तेव्हा आम्हा दोघींपैकी कोण असेल ते सांगता येत नाही. जी असेल तिनं चार जणांना विचारत फिरायचं नाही, बदलून मोकळं व्हायचं, असं आम्ही ठरवून टाकलं आहे.